रात्रीचं जेवण सोडलं तरी सकाळची साखर का उतरत नाही?

तुम्ही लिहिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण अर्धं उत्तर तिच्यातच आहे. वय ५४, मधुमेह आठ वर्षांचा, किराणा दुकान. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० यांची एकत्र गोळी सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. दुकान साडेनऊला बंद, जेवण साडेदहाला, झोप बाराला, मध्ये दोन-तीनदा लघवीला उठणं, आणि पहाटे साडेपाचला उठून फिरायला जाणं. उपाशीपोटी साखर १६५ ते १८०, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी १६० ते १७०, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ८.१. कुणीतरी सांगितलं म्हणून आठवडाभर रात्री जेवला नाहीत. सकाळचा आकडा जेमतेम दहा-पंधराने उतरला. एका रात्री दोन वाजता दरदरून घाम आला, हात थरथरले, तेव्हा बिस्किटं खाल्लीत आणि सकाळी मीटरवर २१० दिसले. आता विचारताय की रात्री जेवायचं की नाही, जेवायचं तर सातच्या आतच हवं का, आणि संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवण होतं त्याचं काय करायचं.

बाकी सगळं नंतर. ग्लिमेपिराइड असलेली गोळी घेऊन जेवण टाळायचं नाही, हे आजपासून पक्कं करा. मेटफॉर्मिन एकटं असेल तर उपाशी राहून साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो, आणि त्याचा अंमल चोवीस तासांपर्यंत राहू शकतो. त्या रात्री तुम्ही मीटर लावला नाहीत, त्यामुळे आकडा हातात नाही, पण घाम, थरथर आणि अचानक लागलेली भूक ही साखर उतरल्याचीच लक्षणं धरायची. जेवण बंद करायचंच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून त्या वेळची गोळी बदलावी लागते. गोळी तीच ठेवून ताट काढून घेतलं तर हे होणारच.

आता २१० कुठून आले? रात्री साखर उतरली की शरीर उसळी मारतं म्हणून सकाळी ती वाढलेली दिसते, असं सर्रास सांगितलं जातं. साखर सतत मोजणारा सेन्सर दंडावर लावून रात्रभर नोंदी घेतल्या की बहुतेकांच्या बाबतीत उलटंच दिसतं: रात्री साखर कमी झालेल्यांची सकाळची साखरही कमीकडेच झुकलेली असते. सकाळी मोठा आकडा दिसतो तो बऱ्याचदा रात्री घाबरून खाल्लेल्याचा. दहा-बारा ग्लुकोज बिस्किटांतून चाळीस-पन्नास ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. गरज होती पंधराची.

म्हणून साखर उतरल्यासारखं वाटलं तर काय करायचं ते नेमकं सांगतो. जमलं तर आधी मीटर. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल पण लक्षणं स्पष्ट असतील, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात ढवळून प्यायची. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आल्यावर एक कप दूध किंवा अर्धी भाकरी खाऊन झोपायचं, कारण या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी परत उतरू शकते. पेढा, चॉकलेट, बिस्किट नको. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. तुमच्या चिठ्ठीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असं काही लिहिलेलं असेल तर घरातली साखर लवकर लागू पडणार नाही. ती औषधं साखरेचं विघटनच रोखून धरतात. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हे घरच्यांनाही सांगून ठेवा. रात्री दोन वाजता कृती त्यांनाच करायची असते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय जेवणाबद्दल, पण सकाळच्या साखरेत तीन वाटेकरी असतात: रात्री काय आणि किती वाजता खाल्लं, यकृत रात्रभर काय करत होतं, आणि झोप कशी झाली. तुमच्या बाबतीत तिघांपैकी कुणाचा वाटा किती, हे आकडे घेतल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. एक अंदाज मात्र तुमच्याच आकड्यांतून बांधता येतो. एचबीए१सी ८.१ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १८६. तुम्ही मोजलेले आकडे मात्र १६० ते १८० च्या आत. सरासरी १८६ यायची तर दिवसात कधीतरी साखर २०० च्या बरीच वर राहत असणार, आणि ती वेळ तुम्ही कधी मोजलेलीच नाही. रात्री साडेदहाच्या जेवणानंतरचे तास. माझा संशय तिथे आहे.

मग सलग नाही, आठवड्यातल्या कोणत्याही तीन रात्री चार वेळा मोजा: रात्रीच्या जेवणाआधी, जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी, रात्री तीनच्या सुमारास, आणि सकाळी उठल्याबरोबर. तीनसाठी गजर लावू नका. लघवीला उठताच आहात, तेव्हाच मोजा. त्या तीन रात्री नेहमीसारखंच जेवा. परीक्षा आहे म्हणून एक भाकरी कमी केलीत तर सगळी मेहनत वाया. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. केळं किंवा आंबा हाताळलेल्या बोटावर मीटर साठ-सत्तरनेही जास्त दाखवू शकतो. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, पावसाळी दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या चुकतात. घरच्या मीटरमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो, म्हणजे १६८ आणि १७९ यांत तुम्ही काही शोधू नका. सकाळचा आकडा मात्र उठल्यावर पंधरा मिनिटांत, चहाआधी आणि फिरण्याआधी घ्या. बरेच जण पाचला उठतात आणि नऊला लॅबमध्ये रक्त देतात. मधल्या चार तासांत यकृत साखर सोडतच असतं, त्यामुळे घरचा १५० आणि लॅबचा १८० असा फरक पडतो आणि मग मीटरवर राग निघतो.

परवडत असेल तर दंडावर लावायचा चौदा दिवसांचा सेन्सर हे काम जास्त चांगलं करतो. फक्त एक ध्यानात ठेवा: त्या दंडावर झोपलात की दाब पडून सेन्सर खोटीच कमी साखर दाखवतो. रात्री ५८ दिसलं तर कूस बदला, बोटावर एकदा तपासा, मग साखरेचं पाणी.

नोंदी आल्या की त्या साधारण तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार: जेवणानंतर २४०, तीनला २१०, सकाळी १७५. म्हणजे साखर रात्रभर उतरतेच आहे, फक्त इतक्या वरून उतरते की सकाळपर्यंत खाली पोहोचत नाही. इथे दोष जेवणाचा, आणि सुधारणाही सर्वात सोपी. दुसरा: जेवणानंतर १५५, तीनला १३०, सकाळी १७०. हे पहाटेचं काम. पहाटे चार ते आठ या वेळात कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन अशी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडायला लागतं, दिवस सुरू करायची तयारी म्हणून. निरोगी माणसात त्याबरोबर थोडं इन्सुलिनही वाढतं, म्हणून काही कळत नाही. आपल्यात ते पुरेसं वाढत नाही. तिसरा: तीनला ७० च्या खाली किंवा त्याच्या आसपास. असं एकदा जरी दिसलं तरी पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं.

तुम्ही जेवण सोडूनही साखर फारशी का उतरली नाही, याचं उत्तर या दुसऱ्या प्रकारात आहे. यकृत म्हणजे शरीराचं गोदाम. ताटात काही आलं नाही की ते आतला माल बाहेर काढतं. त्यात साधारण शंभर ग्रॅम साठवलेली साखर असते आणि ते नवीही तयार करतं. त्याला आवर घालणारं इन्सुलिन कमी पडलं की उपाशी माणसाचीही साखर १६० राहते. म्हणजे त्या आठवड्यात तुम्ही पहिला वाटेकरी काढलात, दुसरा जागेवरच राहिला. आणि तिसऱ्याकडे, झोपेकडे, कुणी पाहिलंच नाही.

आता जेवणाकडे वळू. सातच्या आत जेवायलाच हवं असा काही नियम नाही, पण उशिराच्या जेवणाची अडचण खरी आहे. संध्याकाळनंतर शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. तेच ताट दुपारी एकला आणि रात्री साडेदहाला खाल्लं तर रात्री साखर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. त्यात जेवल्यावर दीड तासात आडवं व्हायचं, म्हणजे वापर जवळजवळ शून्य. आंबट ढेकर, छातीत जळजळ होत असेल तर तीही झोपेत खोडा घालते. झोपण्याआधी अडीच-तीन तास मुख्य जेवण संपलेलं असावं, एवढं धरून चाला. बाराला झोपणाऱ्याला नऊ चालेल. साडेदहाला झोपणाऱ्याला साडेसात.

दुकानदाराला सातला घरी जाऊन जेवा असं सांगणं सोपं आहे. ते जमत नाही, तीन दिवसांत सुटतं. म्हणून जेवणाचे दोन भाग करा. साडेसातला गिऱ्हाईक थोडं ओसरतं तेव्हा डबा: एक भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर. घरी आल्यावर दहाला फक्त ताक, किंवा भाज्यांचं सूप, किंवा चालत असेल तर एक अंडं. धान्य नाही. रात्री सगळ्यांबरोबर पानावर बसायचं असतं हे मान्य, बसा. ताटात कोशिंबीर आणि ताक घेऊन बसा. गोळी कधी, हा प्रश्न येणारच. तुमची गोळी धान्याच्या जेवणाबरोबर जायला हवी, म्हणजे ती साडेसातच्या डब्याआधी येईल. वेळेचा हा बदल छोटा आहे, तरी डॉक्टरांना विचारूनच करा, विशेषतः क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर. मूत्रपिंड मंद असलं की ग्लिमेपिराइड शरीरात रेंगाळतं.

आणि किती खाताय ते एकदा वजन करून पाहा, काटा तुमच्याकडे आहेच. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही असा ठाम समज आहे आपल्याकडे. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी भाकरी थापायला साधारण ७० ग्रॅम पीठ लागतं, आणि त्यात ४७-४८ ग्रॅम कर्बोदकं असतात. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत १९-२०. म्हणजे एक भाकरी ही जवळपास अडीच पोळ्या आहे. भाकरी चांगलीच, ती सावकाश पोट भरते, तिच्यात तंतू आहेत, पण दोन भाकऱ्या, वर वाटीभर भात आणि बटाट्याची भाजी असं जेवण झालं की दीडशे ग्रॅमपर्यंत कर्बोदकं एका बैठकीत जातात, आणि तीही रात्री साडेदहाला. एक भाकरी, उसळ, भाजी एवढ्यावर आणलं की हा आकडा सत्तरच्या आसपास येतो. भात सोडवत नसेल तर रात्रीऐवजी दुपारी, आणि तेव्हा एक भाकरी कमी.

क्रमालाही महत्त्व आहे. कोशिंबीर आणि उसळ आधी खाऊन भाकरी शेवटी घेतली तर तेवढ्याच जेवणाने साखर कमी चढते. टाइप २ मधुमेहींवर हे तपासून पाहिलेलं आहे. भाकरी अगदी कोरडी खायची वेळ आणू नका, शेवटच्या दोन चमचे उसळीबरोबर ती जातेच.

झोपताना काहीतरी खाऊन झोपावं का, असं बऱ्याच जणांना वाटतं. गरज नाही, जोवर झोपतानाची साखर १०० च्या वर आहे. इन्सुलिन किंवा तुमच्यासारखी गोळी चालू आहे आणि झोपताना ९० दिसतंय, तर एक कप दूध घ्या, बिनसाखरेचं. दोनशे मिली दुधात दहा ग्रॅम साखर दुधाची स्वतःची असतेच. हळदीच्या दुधात गूळ घातला की ते औषध राहत नाही.

दारूचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी: दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही. त्यामुळे रात्री न जेवता घेतलेली दारू आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन हे मिश्रण पहाटे तीन-चारला माणसाला बेशुद्ध करू शकतं, आणि आजूबाजूच्यांना वाटतं की चढली आहे.

आता झोप. याच भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण साखर पाहताना हिच्याबद्दल कुणी विचारत नाही. बारा ते साडेपाच म्हणजे साडेपाच तास, त्यातून दोन-तीनदा उठणं वजा करा. १९९९ साली शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर तेवढ्यातच त्यांची ग्लुकोज हाताळायची क्षमता ठळकपणे घसरली. ती तरणी, धडधाकट मुलं होती. झोप अपुरी पडली की कॉर्टिसॉल संध्याकाळी खाली यायचं तसं येत नाही, शरीर इन्सुलिनला कमी जुमानतं, आणि भुकेची संप्रेरकं बिघडतात. त्यातही भूक लागते ती गोड आणि पिठूळ पदार्थांची. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी चारच्या चहाबरोबर खारी कुणाला सुचत नाही?

तुमची झोप का तुटते, ते शोधायला लघवीपासून सुरुवात करा. एक जुना मापाचा मग संडासात ठेवा आणि दोन रात्री प्रत्येक वेळची लघवी मोजा. प्रत्येक वेळी तीनशे मिली किंवा जास्त येत असेल तर शरीर रात्री खरोखरच जास्त पाणी काढतंय. साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीवाटे जाते आणि सोबत पाणी नेते. म्हणजे रात्रीचं जेवण सुधारलं की हे उठणं आपोआप कमी होण्याची शक्यता मोठी आहे. पायावर संध्याकाळी सूज असेल, मोज्याची खूण राहत असेल, तर दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मूत्रपिंडाकडे येतं. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यांत हे नेहमीचं. संध्याकाळी तासभर पाय उंच ठेवल्याने फरक पडतो. ब्लडप्रेशरसाठी अॅम्लोडिपिन असेल तर त्यानेही पाय सुजतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या (साखर लघवीवाटे काढणाऱ्या) गटातली किंवा लघवी वाढवणारी गोळी कुणी रात्री घेत असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे विचारा. आणि प्रत्येक वेळी पन्नास-शंभर मिलीच येते, धार मंद आहे, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं, असं असेल तर साखरेला दोष देऊ नका. प्रोस्टेटची सोनोग्राफी करून घ्या. पाणी आठनंतर कमी करा, दिवसाचं कमी करू नका.

रात्री वारंवार लघवीला उठण्याचं आणखी एक कारण सहसा सुटून जातं ते म्हणजे झोपेतला श्वास अडणं, स्लीप अॅप्निया. टाइप २ मधुमेहींत हे खूप आढळतं. श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो. माणसाला वाटतं लघवीसाठी जाग आली. अशा प्रत्येक अडण्यागणिक ताणाची संप्रेरकं सुटतात आणि साखर वर जाते. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे, ती घरीच भरता येते: घोरणं बंद दारातून ऐकू येतं का, दिवसा पेंग येते का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला का, ब्लडप्रेशर आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर का, वय ५० च्या वर का, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर का, आणि तुम्ही पुरुष आहात का. वय आणि पुरुष असणं हे तुमचे दोन गुण जागेवरच झाले. तीन झाले तर मध्यम शक्यता, पाच किंवा पुढे बरीच जास्त. शर्टाची कॉलर सोळा इंची किंवा त्याहून मोठी लागत असेल तर तिसराही झाला. घोरण्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, घरच्यांना देऊ द्या. गुण तीन किंवा जास्त आले तर झोपेची तपासणी करून घ्या. आता ती घरी यंत्र नेऊनही होते. अॅप्निया निघाला आणि सीपॅपचं यंत्र (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं) लागलं तर एचबीए१सी धाडकन उतरेल अशी आशा मात्र ठेवू नका, त्याबाबतचे अभ्यास मिश्र आहेत. ब्लडप्रेशर, दिवसाची पेंग, रात्रीचं उठणं यांत फरक पडतो आणि तो पुरेसा मोठा असतो.

पाय जळजळतात, मुंग्या येतात म्हणून झोप लागत नसेल तर तेही सांगा. आठ वर्षांच्या मधुमेहात नसा दुखावलेल्या असू शकतात, आणि इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने बी१२ जीवनसत्त्व कमी झालेलं असू शकतं. ही रक्ततपासणी एकदा कराच. कमतरता भरून काढता येते.

पहाटेच्या फिरण्याबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. बाराला झोपून साडेपाचला फिरायला उठणं हा तोट्याचा व्यवहार आहे. साखर कमी करायला म्हणून दीड तास झोप मोडायची आणि झोप मोडल्याने साखर वाढवायची. त्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ४१ टाइप २ मधुमेहींवर हे तपासलं. दिवसातून एकदाच तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त उतरली, आणि सगळ्यात मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. डबा साडेसातला खाल्लात की दुकानासमोरच दहा मिनिटं फेऱ्या मारा. पहाटेची सोबत, गप्पा, मोकळी हवा यांसाठी फिरायचं असेल तर जरूर, पण मग दहा-साडेदहाला अंथरुणात हवं.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा तुम्ही दीड तास झोपता असंही लिहिलंय. वामकुक्षीला मी हात लावत नाही, तेवढं धाडस नाही, पण ती तीनच्या आत आणि अर्ध्या तासात संपवा. दीड तास झोपल्यावर रात्री अकराला डोळा लागत नाही यात नवल नाही. जेवून लगेच आडवं होण्याआधी दहा मिनिटं चाला. चहा साडेपाचनंतर बंद. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि गिऱ्हाइकासोबतच्या प्रत्येक कटिंगमध्ये एक-दीड चमचा साखर असते ती वेगळीच. झोपेची वेळ एकदम अकरावर आणू नका, नुसतं तळमळत पडाल. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, आणि उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीही. रात्री हिशेब मोबाइलवर करत असाल तर ते काम सकाळी दुकान उघडल्यावर ठेवा.

क्रम असा धरा. पहिला आठवडा काही न बदलता त्या तीन रात्रींची मोजणी. मग दोन आठवडे फक्त जेवणाची वेळ, प्रमाण आणि नंतरचं चालणं. मग झोप. सगळं एका दिवशी बदललंत तर कशाने उतरलं ते कळणार नाही, आणि साखर भलतीच उतरली तर गोळी जास्त होतेय हेही उशिरा लक्षात येईल. हा दुसरा धोका खरा आहे: खाणं आणि झोप सुधारली की जुना डोस जास्त पडू शकतो. सकाळचा आकडा ९० च्या खाली येऊ लागला तर चिठ्ठी बदलून घ्यायची वेळ आली. साधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत. सत्तरी ओलांडलेल्यांना, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हे थोडं सैल ठेवतात. गरोदर स्त्रियांना आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना यातलं वेळापत्रक जसंच्या तसं लागू नाही. संध्याकाळी घेतलेल्या काही इन्सुलिनचा जोर मध्यरात्रीनंतर चढतो, तिथे जेवण पुढेमागे करण्याआधी डोसचं बोलणं व्हायला हवं. आठवड्या-दोन आठवड्यांनी एचबीए१सी करू नका, तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं. तीन महिने जाऊ द्या.

नोंदी दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या, म्हणजे रात्रीचे आकडे चांगले आणि पहाटेचाच वाढलेला, तर जेवण आणखी कमी करून उपयोग नाही. तिथे यकृतावर काम करणारं औषध, म्हणजे बहुधा तुमच्या मेटफॉर्मिनचाच डोस, वाढवायचा का हा निर्णय डॉक्टरांचा. दिवसाला १००० मिलिग्रॅम ही तशी मध्यम मात्रा आहे. तुमची वही त्यांच्यासमोर ठेवलीत तर दोन मिनिटांत ठरेल, नाहीतर नुसत्या १७५ वरून तेही अंदाजच बांधतील.

राहिली संकष्टी. महिन्यातून एकदा येते, तेवढ्याने एचबीए१सी बिघडत नाही, पण त्या दिवशी दोन्ही टोकांचे धोके असतात. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत फक्त चहा राहिला तर साखर उतरते. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४३-४४ ग्रॅम कर्बोदकं. मग चंद्रोदय कधी नऊला, कधी साडेनऊनंतर, आणि त्यावर मोदकासकट पूर्ण जेवण. उपवास करायचा तर सकाळच्या ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा. खिचडीऐवजी वरीचा थोडा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही, मूठभर शेंगदाणे असं दोनदा थोडं थोडं खा. वरीतही कर्बोदकं आहेत, म्हणून वाटीभरच. दुपारी चारला आणि चंद्रोदयाआधी एकदा मीटर लावा. ७० च्या खाली आलं तर उपवास तिथेच सोडायचा. रात्री पानावर भाजी-वरण आधी, एक पोळी, एक मोदक, भात नाही, आणि जेवल्यावर दहा मिनिटं अंगणात. त्या रात्री झोपताना मोजायला विसरू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा मोठा आला तर वहीत त्याच्यापुढे फक्त "संकष्टी" असं लिहा.